मिठाच्या खाणी, ऐतिहासिक

जमिनीखालील सैंधवाच्या म्हणजे खनिज मिठाच्या थरांत शतकानुशतके खोदकाम होऊन तयार झालेल्या आणि आता मुख्यत्वे वारसास्थळे म्हणून जतन केलेल्या खाणी. पोलंडमधील व्ह्येलिच्का व बॉख्निया, ऑस्ट्रियातील हाल्‌श्टाट व हालाइन, रूमानियातील तुर्दा, कोलंबियातील सिपाकिरा आणि पाकिस्तानातील खेवडा या खाणी विशेष प्रसिद्ध आहेत. दगडी कोळशाची किंवा धातुकाची खाण बंद पडली म्हणजे तीत पाणी साचते, लाकडी आधार कुजतात आणि थोड्याच वर्षांत ती माणसास दुर्गम होते. मिठाच्या खाणीचे तसे नाही. ती कोरडी राहिली, तर पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीच्या खुणाही भिंतींवर स्पष्ट दिसतात, लाकूड मिठाने मुरून दगडासारखे टणक होते आणि खाणकामगारांची चामडी पिशवी वा पादत्राणदेखील टिकून राहते. ओल शिरली मात्र, तर भिंती, खांब, मूर्ती हे सर्व विरघळणाऱ्या पदार्थाचेच असल्याने ऱ्हास फार त्वरेने होतो. या खाणी पाहावयास जाणारा मनुष्य आपल्या श्वासाबरोबर व घामाबरोबर हीच ओल आत नेत असतो. त्यामुळे खाण लोकांना दाखविणे आणि ती राखणे या दोन गोष्टींचा मेळ घालणे, हा या वारसास्थळांपुढील मुख्य प्रश्न आहे.

महाराष्ट्रात सैंधवाचे थर आढळत नाहीत. राज्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला असून तो ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनला आहे. आटलेल्या समुद्राचे थर त्यात नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी पूर्वी क्षार गोळा करीत, पण ते मुख्यतः सोडियम कार्बोनेटाचे असत व त्यांचा उपयोग खाण्यापेक्षा साबण, काच इत्यादींसाठी अधिक होई. खाण्याचे मीठ समुद्राचे. कोकणातील मिठागरांत पिकलेले मीठ घाटमार्गांनी देशावर येई. मराठवाड्यासारख्या किनाऱ्यापासून दूरच्या मुलखात ते पश्चिम व पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांवरून बैलांच्या पाठीवर लादून आणले जाई व हा व्यापार मोठ्या प्रमाणात लमाणांच्या हाती होता. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ या शब्दावरून पडले असावे, असे मानतात. लातूर जिल्ह्यातील अहमदपूर आणि नांदेड जिल्ह्यातील कंधार व मुखेड या बालाघाटच्या पठारावरील तालुक्यांत लमाणांचे तांडे आजही मोठ्या संख्येने आहेत. परंतु आगगाडीने मिठाची वाहतूक सुरू झाल्यावर त्यांचा हा मूळ धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसला.

समुद्रमिठाच्या या मुलखातही खाणीतले मीठ अपरिचित नव्हते. उपवासाला चालणारे शेंदेलोण हे त्याचेच नाव असून ते ‘सैंधव लवण’ म्हणजे सिंधू नदीच्या प्रदेशातील मीठ यावरून आले आहे. समुद्राच्या मिठापेक्षा ते शुद्ध, अशी जुनी समजूत आहे. संस्कृतात ‘सैंधव’ या शब्दाचे मीठ व घोडा असे दोन्ही अर्थ होतात, कारण दोन्ही वस्तू त्याच प्रदेशातून येत. जेवणाच्या पंक्तीत कोणी सैंधव मागितले तर मीठ आणावे आणि प्रवासाला निघताना मागितले तर घोडा, हे प्रसंगावरून अर्थ ठरविण्याचे उदाहरण संस्कृत शास्त्रग्रंथांत नेहमी देतात. देवघरातल्या पाटापर्यंत आलेल्या या मिठाची खाण मात्र मराठी माणसाने क्वचितच पाहिलेली असते.

उत्पत्ती व खोदकाम : एखाद्या उथळ समुद्राचा किंवा आखाताचा मुख्य समुद्राशी संबंध तुटला व हवामान उष्ण आणि कोरडे असले, म्हणजे पाणी आटत जाऊन त्यातील लवणे ठरावीक क्रमाने तळाशी बसतात. प्रथम कार्बोनेटे, मग जिप्सम, त्यानंतर मीठ व शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमाची अतिविद्राव्य लवणे असा हा क्रम असतो. पुढे त्यांवर मातीचे व वाळूचे थर साचतात. मातीचा थर पाणी झिरपू देत नाही, म्हणूनच खालचे मीठ कोट्यवधी वर्षे राहू शकते. खेवडा येथील मीठ सु. ५४ कोटी वर्षांपूर्वीचे, तर व्ह्येलिच्का येथील मायोसीन काळातील म्हणजे केवळ सु. १.३५ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. पर्वतनिर्मितीच्या काळी कडेने दाब आल्यास मीठ कणकेच्या गोळ्यासारखे मुडपते व वर चढते. या गुणामुळे ते पृष्ठभागाजवळ येऊन माणसाच्या हाती लागले. पण याच गुणामुळे खाणीतील पोकळ्याही वरच्या भाराने अतिशय मंद गतीने आकसत राहतात. मोठे दालन शंभर-दोनशे वर्षांत काही अंशी अरुंद झालेले आढळते.

मीठ काढण्याच्या पद्धती दोन. थर शुद्ध व जाड असेल, तर ते सरळ कापून दगडासारखे बाहेर काढतात. अशा वेळी छत तोलण्यासाठी मध्ये मिठाचेच जाड खांब राखून ठेवतात. थरात चिकणमाती बरीच मिसळलेली असेल, तर पोकळीत गोडे पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि ती मिठवणी वर आणून भट्टीवर आटवतात. आल्प्‌समधील बहुतेक खाणींत ही दुसरी पद्धत होती. प्रेक्षणीय ठरल्या त्या मुख्यतः पहिल्या प्रकारच्या खाणी, कारण त्यांतच भव्य दालने निर्माण झाली.

भारतीय उपखंडातील खाणी : पंजाबातील (पाकिस्तान) झेलम जिल्ह्यात, सॉल्ट रेंज या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेली खेवडा ही उपखंडातील सर्वांत मोठी सैंधवखाण होय. अलेक्झांडरच्या सैन्यातील घोडे येथील दगड चाटू लागले व त्यावरून मिठाचा शोध लागला, ही आख्यायिका तेथे प्रत्येक प्रेक्षकास सांगितली जाते. तिला आधार नाही. मोगलकाळात मात्र येथे खोदकाम चालू होते आणि कारागीर मिठाच्या खड्यांतून तबके, थाळ्या व दिवे कोरीत, असा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर खाण सरकारी मक्तेदारीत आली. १८७२ च्या सुमारास एच्. वॉर्थ या खाण अभियंत्याने जमिनीच्या पातळीवर मुख्य बोगदा खोदून आतील विस्कळीत खोदकामास शिस्त लावली. निम्मे मीठ काढावयाचे व निम्मे खांबांच्या रूपाने राखावयाचे, हा तेथील नियम आहे. प्रेक्षकांना लहान विजेच्या आगगाडीतून आत नेतात. गुलाबी, तांबूस व पांढऱ्या मिठाच्या विटांची रचून केलेली लहान मशीद, मागून दिव्यांनी उजळणाऱ्या भिंती आणि मिठवणीची तळी ही तेथील आकर्षणे होत. या खाणीत उत्पादन अद्याप चालू आहे. भारतातील बाजारात येणारे शेंदेलोण दीर्घकाळ मुख्यत्वे येथूनच येत असे. २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून होणारी सर्व आयात बंद केली.

भारतात सैंधवाच्या खाणी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग व गुम्मा येथे आहेत. जुन्या मंडी संस्थानच्या उत्पन्नाचे ते एक महत्त्वाचे साधन होते. येथील मीठ मातकट, काळसर-जांभळट असून त्यात न विरघळणारा भाग बराच असतो. डोंगरी भागात ते विशेषतः गुराढोरांना चाटण्यासाठी देतात.

व्ह्येलिच्का : दक्षिण पोलंडमधील क्रेको (क्राकूव्ह) शहराच्या आग्नेयीस सु. १३ किमी.वर असलेली ही खाण या विषयातील आदर्श मानली जाते व तिचा वृत्तांत येथे विस्ताराने दिला आहे. या परिसरात खाऱ्या झऱ्यांचे पाणी मडक्यांत आटवून मीठ करण्याची प्रथा नवाश्मयुगापासून होती. झरे क्षीण होऊ लागले तसे लोक विहिरी खणू लागले आणि तेराव्या शतकात त्या खणताना मिठाचे खडे लागले. जवळच्या बॉख्नियात हा शोध १२४८ मध्ये लागला व व्ह्येलिच्का येथे त्यानंतर काही दशकांत. लोककथा याचे श्रेय हंगेरीच्या राजाची कन्या किंगा हिला देते. पोलंडचा राजपुत्र बॉलेस्लाव्ह याच्याशी विवाह ठरल्यावर तिने माहेराहून आंदण म्हणून मिठाची खाण मागितली, तीत आपली अंगठी टाकली आणि पोलंडला पोहोचल्यावर खणावयास लावलेल्या जागी मिठाच्या पहिल्याच खड्यात ती अंगठी सापडली, अशी ही कथा आहे. हंगेरीतून मिठाच्या कामाचे जाणकार पोलंडमध्ये आले असावेत, ही आठवण कदाचित या कथेच्या मुळाशी असेल. किंगा खाणकामगारांची संरक्षक देवता मानली जाते. १९९९ मध्ये तिला संतपद देण्यात आले.

खाण राजाच्या मालकीची होती. तिसरा कॅसिमिर (कार. १३३३–७०) याने १३६८ मध्ये तिच्या कारभाराचे नियम लिखित स्वरूपात घालून दिले. मीठ हा राजकोशाच्या सु. एकतृतीयांश उत्पन्नाचा उगम होता व १३६४ मध्ये स्थापन झालेल्या क्रेको येथील विद्यापीठातील अध्यापकांचे वेतनही त्यातून निघे. १७७२ मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत खाण ऑस्ट्रियाकडे गेली आणि १९१८ मध्ये ती पोलंडला परत मिळाली.

काम अतिशय कष्टाचे होते. कामगार मिठाचे पिंपाच्या आकाराचे गोल ठोकळे कोरून काढीत, जेणेकरून ते लोटत नेता यावेत. बारीक मीठ लाकडी पिंपांत भरीत. ते वर ओढण्यासाठी घोडे जुंपलेले प्रचंड लाकडी रहाट होते व त्यांची रचना आपल्याकडील तेलघाण्यासारखीच, पण कितीतरी मोठी होती. घोडे एकदा खाली उतरविले, की बहुधा आयुष्यभर तेथेच राहत. खाणीतील शेवटची घोडी २००२ मध्ये वर आणण्यात आली. अपघातांची भीती तीन प्रकारची होती : छत कोसळणे, आग व मिथेन वायू. १६४४ मध्ये लागलेली आग कित्येक महिने धुमसत होती. मिथेन छताशी साचतो. त्याचा साठा वाढण्यापूर्वीच तो जाळून टाकण्यासाठी काही कामगार ओले कपडे अंगावर घेऊन, लांब काठीच्या टोकाला पलिता बांधून, जमिनीलगत सरपटत पुढे जात. त्यांना ‘प्रायश्चित्त घेणारे’ अशा अर्थाचे नाव होते. खाणीत जागोजाग दिसणारी प्रार्थनास्थळे या रोजच्या भीतीतून निर्माण झाली आहेत, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवले म्हणजे तेथील मूर्तिकाम केवळ नवलाईचे वाटत नाही.

खाण नऊ पातळ्यांवर असून तिची कमाल खोली ३२७ मी., बोगद्यांची एकूण लांबी सु. २४५ किमी. आणि दालने दोन हजारांहून अधिक आहेत. यांपैकी लोकांना दाखविला जाणारा भाग सु. दोन टक्केच आहे. मान्यवर पाहुण्यांना खाण दाखविण्याची प्रथा पंधराव्या शतकापासून आढळते. ज्योतिषशास्त्रज्ञ कोपर्निकस येथे येऊन गेला, अशी परंपरा आहे व त्याच्या जन्मास ५०० वर्षे झाली त्या १९७३ साली त्याचा मिठाचा पुतळा येथे बसविण्यात आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन अमदानीत दर्शनाची व्यवस्था नियमित झाली. १७७४ पासून पाहुण्यांच्या नोंदीचे पुस्तक ठेवण्यात येऊ लागले. जर्मन कवी गटे १७९० मध्ये व संगीतकार शोपॅं १८२९ मध्ये खाणीत उतरला होता. मिठवणीच्या तळ्यात नावेतून फिरविण्याचीही तेव्हा सोय असे. १९१५ मध्ये अशी एक नाव उलटून काही ऑस्ट्रियन सैनिक तिच्याखाली अडकले व गुदमरून मेले. संपृक्त मिठवणीत मनुष्य बुडत नाही, हे खरे. परंतु त्याच कारणाने त्याला खाली बुडी मारून नावेबाहेर निघताही येत नाही.

दर्शन : प्रेक्षकाने मार्गदर्शकाबरोबरच जावयाचे असते. सतराव्या शतकात खोदलेल्या दानिलोव्हिच या कूपकातून (उभ्या विवरातून) सु. ३८० लाकडी पायऱ्या उतरल्यावर ६४ मी. खोलीवरील पहिली पातळी लागते. पुढे ओळीने दालने पाहत १३५ मी. खोलीपर्यंत जावयाचे आणि उद्‌वाहकाने वर यावयाचे, असा क्रम आहे. एकूण पायऱ्या सु. ८०० असून दोन ते तीन तास लागतात. आतील तपमान वर्षभर १४° ते १८° से. राहते, म्हणून भर उन्हाळ्यातही अंगावर गरम कपडा लागतो. पांढऱ्याशुभ्र मिठाची कल्पना करून गेलेल्या माणसाची प्रथम निराशा होते. भिंती करड्या-हिरवट असतात व पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटासारख्या दिसतात. मिठातील मातीच्या अंशामुळे हा रंग येतो. भिंतीला बोट लावून ते जिभेवर ठेवल्याखेरीज हे मीठ आहे, यावर विश्वास बसत नाही, आणि मार्गदर्शकही साध्या भिंतीच्या बाबतीत त्यास हरकत घेत नाहीत. मूर्तींना मात्र हात लावू देत नाहीत.

छतांना आधार देणारे लाकडी ओंडक्यांचे मनोरे हे या खाणीतील स्थापत्याचे खरे वैभव होय. मिखावोव्हित्से या दालनात ते सु. ३५ मी. उंचीपर्यंत चढत गेले आहेत. लाकूड मिठाने मुरलेले असल्याने कुजत नाही. मंद दिव्यांच्या काळी उजेड परावर्तित व्हावा म्हणून त्यास चुना फासीत. लोखंड येथे गंजून जाते, म्हणून जुने सांधे लाकडी खुंट्यांचे आहेत.

१०१ मी. खोलीवरील संत किंगाचे प्रार्थनामंदिर हे सर्वांत प्रसिद्ध दालन ५४ मी. लांब असून त्याची जमीन, जिना, वेदी, भिंतींवरील उठावचित्रे, एवढेच नव्हे तर झुंबरांचे लोलकही मिठाचे आहेत. मिठाचा एक प्रचंड ठोकळा काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीत १८९६ मध्ये यूझेफ मार्कोव्हस्की या खाणकामगाराने कोरीव काम सुरू केले. त्याच्यानंतर त्याचा धाकटा भाऊ टोमाश व पुढे आंतोनी व्हिरोदेक यांनी ते चालविले. तिघेही खाणीत काम करणारे होते. कलाशाळेत शिकलेले नव्हते. लिओनार्दो दा व्हिंचीच्या ‘द लास्ट सपर’ या चित्रावरून व्हिरोदेकने कोरलेल्या उठावचित्रात खोलीचा जो आभास साधला आहे, तो शिल्पाची प्रत्यक्ष खोली काही सेंमी. असल्याचे कळल्यावर अधिकच चकित करतो.

याच मार्गावर, पण पहिल्या पातळीवर, संत अँटनीचे प्रार्थनामंदिर आहे. ते सतराव्या शतकाच्या अखेरचे असून कारागिरीच्या दृष्टीने एके काळी किंगा मंदिराहून उणे नसावे. बरेच प्रेक्षक त्यापुढून लवकर निघून जातात, कारण तेथील मूर्तींचे नाक-डोळे पुसट होऊन गेले आहेत. काही तर मेणबत्ती वितळून बसावी तशा आकारहीन झाल्या आहेत. दोन मंदिरांच्या वयात दोनशे वर्षांचे अंतर आहे, परंतु केवळ वयाने हा फरक पडलेला नाही. संत अँटनीचे मंदिर दानिलोव्हिच कूपकाजवळ आहे व बाहेरची हवा त्या कूपकातून आत येते.

ओलीचे कार्य : पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, म्हणून गृहिणी त्यात तांदळाचे दाणे टाकतात. यामागील तत्त्व असे, की हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांहून अधिक झाली, म्हणजे शुद्ध मीठसुद्धा हवेतील बाष्प ओढून घेते व स्वतः त्यात विरघळू लागते; मिठात मॅग्नेशियमाची लवणे असल्यास याहूनही कमी आर्द्रतेला ही क्रिया सुरू होते. आता उन्हाळ्यातील २५° से. तपमानाची व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घेतली, तर तिच्या एका घन मीटरमध्ये सु. १४ ग्रॅ. बाष्प असते. ती खाणीत उतरून १५° से.पर्यंत थंड झाली, म्हणजे तिच्यात १३ ग्रॅ. देखील बाष्प राहू शकत नाही. उरलेले पाणी भिंतींवर दव होऊन बसते आणि प्रत्येक १०० ग्रॅ. पाणी सु. ३६ ग्रॅ. मीठ विरघळविते. हिवाळ्यात याच्या उलट घडते : बाहेरची गोठणबिंदूजवळील हवा आत येऊन उबदार झाली, की अतिशय कोरडी होते, भिंती वाळतात व विरघळलेले मीठ पांढऱ्या फुलोऱ्याच्या रूपाने पुन्हा स्फटिक होते, परंतु मूर्तीचे गेलेले नाक परत येत नाही. दरवर्षी हे एक आवर्तन पूर्ण होते. जुन्या काळी हवेचा प्रवाह मंद असल्याने नुकसान कूपकाच्या आसपास मर्यादित राही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रांनी वायुवीजन सुरू झाले, कामगारांना शुद्ध हवा मिळू लागली आणि दमट हवा मात्र पूर्वी कधी गेली नव्हती इतकी आत जाऊ लागली.

त्यात प्रेक्षकांची भर पडली. चालणारा मनुष्य श्वास व घाम यांवाटे तासाला सु. ५० ते १०० ग्रॅ. पाणी हवेत सोडतो. दोन तासांच्या फेरीत हे पाणी माणशी एक-दोन पेले होते. पण अलीकडे वर्षास १० लाखांहून अधिक लोक येतात, आणि माणशी अवघे १५० ग्रॅ. धरले, तरी ते वर्षाला दीड लाख लिटर होते. हे सर्व भिंतींवर बसत नाही, बरेच वायुवीजनाने बाहेर जाते, हे खरे आहे. तथापि किंगा मंदिरासारख्या एकाच दालनात थांबणाऱ्या गर्दीचा विचार केला म्हणजे काळजीचे कारण कळते.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, तेव्हा तीतील बारा स्थळांत व्ह्येलिच्का होते. १९८९ मध्ये तिचे नाव धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले व त्याचे कारण आर्द्रता हेच होते. पुढे आत येणाऱ्या हवेतील बाष्प आधीच काढून घेणारी संयंत्रे बसविण्यात आली आणि १९९८ मध्ये धोक्याच्या यादीतून नाव वगळण्यात आले. २०१३ मध्ये बॉख्नियाची खाण आणि मिठाच्या कारभाराचा जुना किल्ला यांचा याच वारसास्थळात समावेश झाला.

पाण्याचे संकट : हवेतली ओल हळूहळू काम करते; भूजलाचा लोंढा तितका अवधी देत नाही. मिठाच्या थराभोवतीचे चिकणमातीचे आवरण खोदकामात फुटले, तर पलीकडच्या वाळूतील गोडे पाणी आत घुसते आणि मीठ विरघळवीत स्वतःची वाट रुंद करते. १८६८ मध्ये पोटॅशियम लवणांच्या शोधार्थ व्ह्येलिच्का येथे क्लोस्की नावाच्या बोगद्यात खोदकाम चालू असता असे आवरण फुटले व खाणीचे खालचे भाग पाण्याखाली गेले. १९९२ मधील घटना अधिक गंभीर होती. एप्रिल महिन्यात चौथ्या पातळीवरील मीना या बोगद्यातून पाणी उसळले व बरोबर वाळू वाहून आणू लागले. वाळू गेल्याने वरची जमीन खचली, क्रेकोकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे रूळ वाकले आणि जवळच्या मठाच्या भिंतींना तडे गेले. गळती आवरण्यास कित्येक वर्षांचे काम लागले. सातशे वर्षे चाललेले मिठाचे खोदकाम १९९६ मध्ये थांबविण्यात आले, त्यास या घटनेनेही हातभार लावला. आता तेथे मीठ तयार होते ते झिरपणारे खारे पाणी उपसून व आटवून. म्हणजे मीठ हा उद्देश राहिलेला नसून पाणी बाहेर काढण्याचे ते एक आनुषंगिक फळ आहे. ही खाण बंद केली असे म्हणून कोणी घरी जाऊ शकत नाही. पंप थांबले, तर खाण बुडेल व तिच्यावर वसलेले गावही धोक्यात येईल.

असे संकट किती थोड्या वेळात येऊ शकते, हे अमेरिकेच्या लुइझिॲना राज्यातील पेन्यर सरोवराने दाखविले. तेथे २० नोव्हेंबर १९८० रोजी तेलासाठी घातलेले एक वेधनछिद्र सरोवराखालच्या मिठाच्या खाणीत घुसले. काही तासांत सरोवराचे सर्व पाणी, वरील नावांसह, खाणीत गेले. कामगार वेळीच बाहेर आल्याने मनुष्यहानी झाली नाही.

इतर उपयोग : कोरडी, स्थिर तपमानाची हवा वस्तू टिकविते, या गुणाचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात केला गेला. ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मीठखाणीत नाझींनी लुटून आणलेली हजारो चित्रे व मूर्ती ठेवल्या होत्या. १९४५ मध्ये त्या बहुतांशी सुस्थितीत सापडल्या. व्ह्येलिच्का येथे मात्र १९४४ मध्ये जर्मनांनी यहुदी कैद्यांना राबवून विमानांच्या सुट्या भागांचा कारखाना उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. खारट हवेपुढे यंत्रे टिकली नाहीत.

दमा व श्वसनविकारांवर मीठखाणीतील वास्तव्य गुणकारी असते, असे पूर्व यूरोपात मानतात. व्ह्येलिच्का येथे भूमिगत उपचारकेंद्र १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. खेवडा येथे २००७ मध्ये दम्याच्या रुग्णांसाठी सोय करण्यात आली. धूळ, परागकण व धूर नसलेल्या हवेत काहींना आराम पडतो, यात नवल नाही. परंतु नेहमीच्या औषधयोजनेला तो पर्याय समजू नये.

अन्य स्थळांपैकी हाल्‌श्टाटची खाण वयाने सर्वांत जुनी असून कांस्ययुगापासून तेथे मीठ खोदत. १७३४ मध्ये तेथे मिठात जतन झालेला प्रागैतिहासिक खाणकामगाराचा मृतदेह सापडला होता. तेथील लाकडी जिना इ. स. पू. चौदाव्या शतकातील असून तो यूरोपातील ज्ञात जिन्यांत फार जुना होय. तुर्दा येथे १९३२ मध्ये बंद पडलेली खाण १९९२ मध्ये लोकांसाठी उघडली गेली व पुढे तिच्या प्रचंड दालनात उंच फिरता पाळणा व खेळांची मैदाने करण्यात आली. हा प्रकार लोकप्रिय झाला आहे. खाणीचा इतिहास मात्र त्यात मागे पडतो. सिपाकिरा येथे चालू खाणीत खोदलेले चर्च १९५४ मध्ये खुले झाले, परंतु संरचना धोकादायक ठरल्याने ते १९९२ मध्ये बंद करावे लागले व जुन्याच्या खाली नवीन चर्च खोदून १९९५ मध्ये उघडण्यात आले.

व्ह्येलिच्का येथे जीर्णोद्धारासाठी वेगळे कारागीर नेमलेले असतात. ओलीने झिजलेल्या मूर्तींची मूळ रूपे जुन्या चित्रांवरून व छायाचित्रांवरून ठरवून काही ठिकाणी नव्याने कोरली जातात. संत अँटनीच्या मंदिरातील झिजलेल्या मूर्ती मात्र त्यांच्या आजच्या रूपात प्रेक्षकांस पाहावयास मिळतात.